मोर आपला, पण बेट सरड्याचं

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर मोर मारले जातात ही बातमी आपल्याकडे काही काळ गेला की परत फिरायला लागते, कधी पेपरच्या कोपऱ्यात चार ओळी, कधी व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड, आणि खालच्या प्रतिक्रिया तर पाठच झाल्यात, राष्ट्रीय पक्ष्याचा अपमान, कार्तिकेयाचं वाहन, यांना काळीज आहे का, आपलं सरकार झोपलंय का वगैरे. परवा परत एका ग्रुपवर हेच सुरू झालं आणि मी सगळं वाचून काढलं तर एका माणसानंही विचारलेलं नाही की अहो पण ते मारतात कशाला, म्हणजे जपानी लोकांना एकाएकी मोरांचं वैर का सुचलं. बातमीतही त्याचं उत्तर एका वाक्यात उरकलेलं असतं, 'स्थानिक जैवविविधतेला धोका असल्याने'. आता जैवविविधता म्हटलं की कोणाच्या डोळ्यासमोर काही येतं का सांगा. मोर लगेच येतो, पिसारा फुलवून येतो. म्हणून हे पत्र, ज्याच्यासाठी ही सगळी उठाठेव चालते त्याच्याबद्दल दोन शब्द कोणीतरी लिहावेत म्हणून. तो एक सरडा आहे. गवतात राहतो, हिरवागार असतो, आणि जगात फक्त मियाको नावाच्या बेटावर आणि त्याच्या आजूबाजूच्या चिमुकल्या बेटांवरच सापडतो.

मियाको कुठे आहे ते आधी सांगते. जपान म्हटलं की आपल्या डोक्यात बुलेट ट्रेन, बर्फ, चेरीची फुलं, पण जपानची एक शेपटी खाली तैवानच्या दिशेनं लांबच लांब गेलीये, ती ओकिनावाची बेटं. ओकिनावाच्या मुख्य बेटापासूनही जवळपास ३०० किलोमीटर नैर्ऋत्येला मियाको. आकार जेमतेम १६० चौरस किलोमीटर, सगळं पोवळ्याच्या चुनखडीचं, सपाट, सगळ्यात उंच जागा सव्वाशे मीटरसुद्धा नाही. सांगण्यासारखी नदी नाही कारण पाऊस पडला की पाणी थेट खडकात मुरतं, म्हणून त्यांनी चक्क जमिनीखाली धरणं बांधलीयेत, आत भिंत घालून भूजल अडवायचं आणि मग वर उपसून शेतीला द्यायचं. आणि शेती कसली तर मुख्यतः ऊस. (हे वाचून मला फार आपलेपणा वाटला, ऊस आणि पाण्याची बोंब, पण ते असो.) गंमत म्हणजे ओकिनावाच्या बऱ्याच बेटांवर हाबू नावाचा जहाल विषारी साप असतो, मियाकोवर तो नाहीच. पण मियाकोचा स्वतःचा असा भेक आहे, स्वतःचा गोड्या पाण्यातला खेकडा आहे, स्वतःचे बिनविषारी साप आहेत आणि स्वतःचा हा गवती सरडा आहे. ओकिनावा आणि मियाकोच्या मध्ये समुद्रात खोल दरी आहे, हजार मीटरच्याही खाली जाणारी, त्यामुळे हे प्राणी अलीकडे कधीतरी सहज पोहत आले असं म्हणता येत नाही. बेटावरच्या गुहांमध्ये तर हिमयुगातल्या हरणांची हाडं सापडलीयेत. म्हणजे फार जुना, फार गुंतागुंतीचा मामला आहे आणि त्याचे जिवंत पुरावे म्हणजे हे भेक, खेकडे, सरडे.

तर हा सरडा. तिथे त्याला मियाको कानाहेबी म्हणतात, शास्त्रीय नाव टाकिड्रोमस टोयामाय. आपल्या डोळ्यासमोर सरडा म्हणजे कुंपणावर बसून मान हलवणारा, जाडजूड, खडबडीत, तर तसं काहीही नाही. हा म्हणजे नुसती दोरी. डोक्यापासून धड संपेपर्यंत पाच-सहा सेंटीमीटर, बोटाएवढा, आणि त्याच्या मागे शेपटी मात्र धडाच्या अडीच-तीन पट. म्हणजे हातात धरला (धरू नका, गुन्हा आहे, पुढे सांगते) तर प्राणी कमी आणि शेपटीच जास्त. रंग पोपटी हिरवा, कोवळ्या गवताचा असतो तसा. अंगाला सापसुरळीसारखी तेलकट चकाकी नाही, खवले कोरडे, मध्ये बारीक कणा असलेले, त्यामुळे अंग मॅट दिसतं आणि गवतात दिसेनासं होतं. पायाची बोटं बारीक आणि लांब, टोकाला नखं, पालीसारख्या चिकट गाद्या नाहीत. ही एवढी लांब शेपटी मिरवायला नसते. गवताचं पातं एकटं त्याचं वजन पेलत नाही, वाकतं, म्हणून हा पाय एका पात्यावर, पोट दुसऱ्यावर, शेपटी आणखी चार पात्यांवर असं वजन वाटून टाकतो आणि गवताच्या वरच्यावर सळसळत जातो. जमिनीला न टेकता. पकडायला गेलात तर शेपटी तोडून देतो आणि पळतो, ती परत येते, पण तोवर गवतावरून चालण्याची सोय गेलेली असते, म्हणजे जीव वाचवायची किंमत मोजावी लागतेच.

इथे एक गोष्ट मला फार आवडते ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कॅरिबियन समुद्रात क्यूबा, पोर्टो रिको, हिस्पॅनिओला या बेटांवर अनोल नावाचे सरडे आहेत, त्यांचं आणि या जपानी सरड्याचं नातं खूप लांबचं, खानदानच वेगळं. पण त्यांच्यातले जे गवतात राहतात तेही असेच, सडपातळ अंग आणि लांबच लांब शेपटी. आणि त्यातही प्रत्येक बेटावरच्या गवती अनोलनं हे आपापलं वेगळं कमावलंय, एकानं दुसऱ्याकडून घेतलेलं नाही. गवतात राहायचंय ना, मग असंच व्हावं लागेल, असं जणू गवतच सांगतं.

या सरड्याची रात्र बघण्यासारखी असते. दिवसा ऊन खातो, किडे-कोळी टिपतो, आणि अंधार पडला की बिळात वगैरे शिरत नाही, गवताच्या पात्यावर नाहीतर झुडपाच्या पानावर आडवा पसरतो आणि झोपतो. शेपटी पात्याच्या बाजूनं सोडलेली, डोळे मिटलेले. संशोधक लोक म्हणूनच रात्री जातात मोजायला, टॉर्च मारला की दिवसा न दिसणारा हाच सरडा प्रकाशात फिकट होऊन उठून दिसतो, वाऱ्यानं पातं हललं तर त्याच्याबरोबर हलतो पण उठत नाही. ही झोपायची पद्धत सापापासून वाचायला उत्तम असणार, कारण पात्यावर कोणी चढलं की पातं हलतं आणि हा खाली उडी मारतो. पण पहाटे उजाडताना पायी चालत येणारा, मान उंच असलेला आणि नजर तीक्ष्ण असलेला चार-पाच किलोचा पक्षी जर समोर आला तर? ही पद्धत त्याच्यासाठी बनलेलीच नाही.

आता कोणी म्हणेल की पक्षी सरडे खाणारच, निसर्गाचा नियम आहे. खरंय, आणि मियाकोच्या सरड्याला पक्षी नवीन नाहीत. दर ऑक्टोबरमध्ये साशिबा नावाचे शिकारी पक्षी जपानातून दक्षिणेकडे जाताना हजारोंनी मियाको आणि शेजारच्या इराबू बेटांवर उतरतात, विश्रांती घेतात, पोट भरतात, त्यात सरडेही आलेच, आणि मग पुढे फिलिपिन्सकडे निघून जातात. हे अनादी काळापासून चाललंय. (एकेकाळी बेटावरचे लोक हेच पक्षी पकडून खायचे, आता कायद्यानं संरक्षण आहे आणि लोक दुर्बिणी घेऊन बघायला येतात, म्हणजे माणसं बदलतात असं दिसतंय.) साशिबा चार दिवसांचा पाहुणा. मोर बारा महिने तिथेच, रोज, चालत चालत, एकेक फूट गवत हुंगल्यासारखं तपासत. ज्यांनी मोर चरताना पाहिलाय त्यांना कळेल मी काय म्हणते ते. दाणे, कोंब, टोळ, बेडूक, पाली, सापाची पिल्लं, काही म्हणजे काही सोडत नाही. आपण कौतुकानं सांगतोच ना की मोर साप खातो. मग तो मियाकोला जाऊन उपास करेल का?

हे मोर तिथे उडत गेले नाहीत हे तर उघड आहे. ओकिनावाच्याच कोहामा नावाच्या बेटावर १९७९ च्या सुमारास एका रिसॉर्टनं शोभेसाठी मोर आणले, मग तिथून आणि इतर ठिकाणांहून ते आणखी बेटांवर पोचले, पाळले गेले, सुटले, रानात गेले. मियाकोवरही पाळलेलेच सुटून रानटी झाले. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही, कोल्हा नाही, लांडोर अंडी घालते आणि पिल्लं वाढतात. आपल्याकडे मोराच्या मागे कोण कोण लागलेलं असतं, अंड्यांपासूनच. तिथे मोराला विचारणारं कोणी नाही. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. शेतकऱ्यांची तक्रार वेगळीच, पिकात शिरून नासधूस करतात म्हणून. त्यामुळे ओकिनावाच्या सरकारी यंत्रणा बंदूकवाले शिकारी लावून, सापळे लावून मोर कमी करायच्या मागे आहेत.

पण सगळा दोष मोरावर टाकून मी मोकळी होणार नाही, कारण या सरड्याचा मोर हा एकटा शत्रू नाही आणि कदाचित सगळ्यात मोठाही नाही. उसात उंदीर फार झाले म्हणून गेल्या शतकात, साधारण १९६० च्या दशकापासून, या बेटांवर वीझल आणून सोडले. वीझल म्हणजे मुंगसापेक्षाही सडपातळ, चपळ, बिळात कुठेही शिरणारा छोटा शिकारी प्राणी, जपानच्या मुख्य बेटांवरचा मूळ रहिवासी. कल्पना अशी की हा उंदीर खाईल आणि ऊस वाचेल. आता वीझलला कोणी कागद दिला होता का की फक्त उंदीर खायचे? उंदीर चलाख, रात्री फिरणारा, चावणारा. त्याच्यापेक्षा गवतात ऊन खात पसरलेला सरडा किती सोपा. आणि या सरड्यांना, बेडकांना, सापसुरळ्यांना अशा प्राण्याची ओळखच नाही, भीती कशी असेल. हे नुसतं तर्कानं बोलत नाहीये, टोकियोच्या दक्षिणेला मियाके नावाचं बेट आहे (मियाको नाही, मियाके, नावाचा घोळ करू नका), तिथे १९७०-८० च्या दशकांत असेच वीझल सोडले आणि तिथली एकेकाळी पावलोपावली दिसणारी सापसुरळी बघता बघता जवळपास दिसेनाशी झाली. उंदीर मात्र आहेत म्हणे. रोगापेक्षा इलाज भयंकर, दुसरं काय.

आणि हे ऐकून आपण जपान्यांना हसायच्या आधी आणखी एक ऐका कारण यातही आपल्याकडचाच प्राणी आहे. १९१० साली ओकिनावाच्या मुख्य बेटावर मुंगूस सोडलं गेलं, गंगेच्या मुखाकडून पकडून नेलेलं, वातासे शोझाबुरो नावाच्या मोठ्या प्राणिशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं, हाबू साप आणि उंदीर मारायला. मग १९७९ मध्ये अमामी ओशिमा बेटावर तीसेक मुंगसं सोडली. आपल्याला लहानपणापासून मुंगूस-सापाची लढाई माहीत, त्यामुळे आपल्यालाही ही आयडिया पटली असती. पण घोटाळा असा की मुंगूस दिवसा फिरतं आणि हाबू रात्री. दोघांची गाठच पडेना. मुंगसानं मग दिवसा जे सापडेल ते खाल्लं, अमामीचे जगात कुठेच नसलेले काळे ससे, बेडूक, पक्षी. २००० सालापर्यंत तीसची दहा हजारांच्या आसपास झाली असा अंदाज होता. मग सरकारनं रीतसर पथक उभं केलं, हजारो सापळे, वास घेणारे कुत्रे, वर्षानुवर्षं रानात पायपीट, आणि २०१८ मध्ये शेवटचं मुंगूस पकडल्यावरही सहा वर्षं खात्री करत बसले आणि शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की अमामीवर आता एकही मुंगूस नाही. ७१२ चौरस किलोमीटरचं डोंगराळ जंगली बेट, एवढ्या मोठ्या बेटावरून मुंगूस पूर्ण काढल्याचं जगात दुसरं उदाहरण नाही. ससे परत वाढले. आपल्याकडे ही बातमी कुठे आली का? मला तरी दिसली नाही. आली असती तर 'भारतीय मुंगसांची हत्या' अशीच आली असती बहुतेक.

मला हे सांगायचंय की तीस मुंगसं सोडायला एक दिवस पुरला आणि काढायला ४५ वर्षं गेली, त्यातली शेवटची कित्येक वर्षं तर भरपूर पैसा ओतून. मियाकोवर मोर आत्ता कमी करणं म्हणजे हेच पुढचं टाळणं आहे. वीझलचं काम तर त्याहून कठीण, कारण तो पसरून बसलाय आणि लहान आहे, दिसत नाही. मोर निदान दिसतो, ओरडतो, पहाटे आवाजावरून ठिकाण कळतं.

आता लोकांचे आक्षेप. पहिला, मारता कशाला, परत भारतात पाठवा. ऐकायला गोड आहे. पण रानात वाढलेले, पिढ्यानपिढ्या तिथे जन्मलेले पक्षी पकडायचे, त्यांच्याबरोबर कोणते पक्ष्यांचे रोग येतील ते तपासायचं, क्वारंटाइन करायचं, विमानात घालायचं, त्यातले अर्धे धास्तीनंच जातील, आणि इथे आणून सोडायचे कुठे? भारतात मोराची वानवा नाही, जागतिक यादीत तो 'चिंता नको' वाल्या वर्गात आहे, आणि इथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याला संरक्षण आहेच. आपल्याला मोर वाचवायचा असेल तर तो इथे वाचवायचाय, विषारी बियाण्यांपासून आणि पिसांच्या धंद्यापासून.

दुसरा आक्षेप भावनेचा, आणि तो मी उडवून लावणार नाही. मला स्वतःला मोर मारलेला फोटो बघवत नाही. मोराचा यात काडीचा दोष नाही, त्याला माणसानं उचलून नेलं आणि माणूसच आता गोळी घालतोय, यात न्याय नाहीच. पण मग गवतात झोपलेल्या सरड्याचा काय दोष होता ते पण सांगा. दोघेही निर्दोष असताना एकाच्या वाट्याला अख्खा भारत, अख्खा दक्षिण आशिया आहे आणि दुसऱ्याच्या वाट्याला एक चपटं बेट. सरड्याची धाव कुंपणापर्यंत ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो, याच्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे, कुंपण म्हणजे समुद्रकिनारा, त्याच्या पुढे याला कुठेच जायला जागा नाही.

तिसरा आक्षेप, एका सरड्यानं काय बिघडतं. याला मी काय उत्तर देऊ. काहींना काहीच बिघडत नाही, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त एवढंच की तिथे तो एकटा नाही. जपानातली सगळ्यात मोठी सापसुरळी, चाळीस सेंटीमीटरपर्यंत जाणारी, तीही मियाको आणि पलीकडच्या याएयामा बेटांवरच आहे, तिला १९७५ पासून जपाननं राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून मान दिलाय, आणि तिच्याही मागे हेच वीझल आणि हेच मोर लागलेत.

या सरड्याची वेगळी ओळख पटायलाच उशीर झाला हेही एक दुखणं. ओकिनावाच्या मुख्य बेटावर एक हिरवा गवती सरडा आहे, त्यातच याला धरत होते कित्येक वर्षं. १९९६ मध्ये ताकेदा आणि ओता या दोघांनी नीट तपासून दाखवलं की मियाकोचा वेगळा आहे, तिकडच्या नराच्या अंगावर तपकिरी पट्टा असतो तर इकडे नर-मादी दोघेही हिरवेच, आणखीही फरक, आणि ओकिनावाचे सरीसृप अभ्यासक तोयामा मासानाओ यांच्या नावावरून याचं नाव ठेवलं. म्हणजे जगाला हा कळला आणि लगेच पुढच्या काही वर्षांत लोक म्हणायला लागले की अहो पूर्वी घराच्या मागे, वावराच्या कडेला सहज दिसायचे, आता दिसत नाहीत. आज जपानच्या रेड लिस्टमध्ये तो सगळ्यात गंभीर धोक्याच्या वर्गात आहे.

वीझल आणि मोर सोडून तिसरा शत्रू आपणच, म्हणजे माणूस, आणि यात कोणी खलनायक नाही हीच पंचाईत. याला राहायला लागतं काय तर रानाच्या कडेचं, वावराच्या बांधावरचं, रस्त्याच्या बाजूचं गवत. जंगल नको, डोंगर नको, नुसतं गवत, ज्याला आपण पडीक म्हणतो ते. सरकारी नकाशात पडीक दिसलं की कोणाचेही हात शिवशिवतात. शेतं सरळ करून मोठी केली की बांध गेला. तणनाशक मारलं की गवत गेलं आणि किडेही गेले. २०१५ मध्ये इराबू बेटाला जोडणारा साडेतीन किलोमीटरचा पूल झाला, २०१९ मध्ये इराबूला लागूनच असलेल्या शिमोजी बेटावर विमानतळाची नवी इमारत झाली, पर्यटक वाढले, हॉटेलं वाढली. कोणाला नको असतं का हे? बेटावरच्या पोरांना नोकऱ्या हव्यातच. पण हॉटेलच्या लॉनवर हा सरडा राहत नाही, आठवड्याला मशीन फिरवलेल्या गवतावर झोपायला पातंच उरत नाही.

त्यात परत हौशी लोक. हिरवा, नाजूक, दुर्मिळ म्हटल्यावर पाळायला मागणी येतेच. म्हणून तो आता जपानच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या कायद्याखाली आहे, १९९२ चा कायदा आहे तो, पकडणं, विकणं, देणं-घेणं सगळ्याला बंदी आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख येनपर्यंत दंड किंवा दोन्ही. बोटाएवढ्या सरड्यासाठी! हे वाचून मला बरं वाटलं खरं सांगू. शिवाय काही प्राणिसंग्रहालयांत त्यांची पैदास करायचं काम चालू आहे, त्यात उत्तरेच्या टोकाला बर्फात असलेल्या सप्पोरोचं मारुयामा प्राणिसंग्रहालयही आहे, बाहेर गुडघाभर बर्फ आणि आत दिव्याच्या उबेत मियाकोचे सरडे. मादी एका वेळी साधारण दोनच अंडी घालते, त्यामुळे घाई करून चालत नाही. पण एक आहे, काचेच्या पेटीत शंभर सरडे वाढवले तरी बेटावर वीझल आणि मोर तसेच असतील तर ते सोडायचे कुठे? वीझलच्या तोंडात? म्हणून बेटावर शिकारी प्राणी कमी करणं आणि प्राणिसंग्रहालयात पैदास करणं ही दोन्ही कामं बरोबरच व्हायला लागतात, एक सोडून दुसऱ्याला अर्थ नाही. ज्यांना मोरांवरची गोळी क्रूर वाटते आणि प्राणिसंग्रहालयातली पिल्लं गोंडस वाटतात त्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

एक गोष्ट मात्र जपानलाही ऐकवली पाहिजे. २०२१ मध्ये अमामी, तोकुनोशिमा, ओकिनावाचा उत्तर भाग आणि इरिओमोते ही बेटं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, मोठं काम झालं, पण मियाको त्यात नाही. कारण समजण्यासारखं आहे, मियाकोवर घनदाट जंगल नाही, सगळं ऊस आणि गवत. पण याचा परिणाम काय होतो तर पैसा, लक्ष, कॅमेरे सगळे जंगलवाल्या बेटांकडे जातात. रानमांजर आणि काळा ससा यांचे पोस्टर निघतात. गवतातल्या प्राण्याचं पोस्टर काढलं तर त्यात गवतच दिसणार. जंगल तोडलं तर बातमी होते, गवत काढलं तर साफसफाई होते, ही खोड सगळीकडचीच दिसते.

संपादक साहेब, मागणी साधी आहे. पुढच्या वेळी ही मोरांची बातमी आपल्या पेपरात लागेल, लागणारच आहे, तेव्हा मथळ्यात कत्तल हा शब्द घालायच्या आधी एक फोन एखाद्या सरीसृप अभ्यासकाला करावा, महाराष्ट्रात चांगली तरुण मंडळी आहेत या विषयात. मोराचा फोटो जरूर छापा, तो छान दिसतो, पण त्याच्या शेजारी तेवढ्याच आकाराचा या सरड्याचाही छापा, आणि खाली नुसतं 'जैवविविधता' न लिहिता त्याचं नाव लिहा. वाचकांना दोन्ही बाजू दिसू देत, मग ज्याला संतापायचंय त्यानं संतापावं. आणि जमलं तर रविवारच्या पुरवणीत अमामीच्या मुंगसांवर कोणाकडून तरी सविस्तर लिहून घ्या, ४५ वर्षांची गोष्ट आहे, पान सहज भरेल.

पत्र लांबलं, कापायचं असेल तर कॅरिबियन सरड्यांचा परिच्छेद कापा, वीझलचा कापू नका.

आपली नम्र,
एक नियमित वाचक